पंपाखालचा एक पत्रा

बाबूजी,

तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसलो आहे, ते एका इंजिनामुळे. आज सकाळी सौंदडकडचा एक शेतकरी आपल्या पाणीपंपाचे जुने इंजिन टेम्पोत घालून कोहमाऱ्याला आपल्या दुकानी आला. इंजिन काळा धूर ओकत होते, पाणी निम्मेच उचलत होते आणि त्याचे उन्हाळी धान नेमके निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला आले होते. ओट्यावर टेकण्याआधीच तो म्हणाला, "साहेब, दोघा मिस्तऱ्याईले दाखवलो. कोनालेच जमलं नाही. मले तुमच्या घरचा कान पायजे." मी त्याला पाणी दिले आणि हत्यारांची पेटी उघडली.

महाविद्यालयातून मी जे शिकून आलो होतो, ते चुकीचे नव्हते. पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी डिझेलचा फवारा सिलिंडरात पडला पाहिजे. तो फार लवकर पडला, तर दाब एकदम चढतो आणि इंजिन आतून ठोके देऊ लागते. धुराडे स्वच्छ दिसते, पण त्या वाढलेल्या उष्णतेत नायट्रोजनचे विषारी वायू अधिक तयार होतात, जे डोळ्यांना दिसत नाहीत. फवारा उशिरा पडला, तर जळण अर्धवट राहते, ताकद धुराड्यातून वाया जाते आणि काजळी बाहेर पडते. नव्या गाड्यांमध्ये हा क्षण संगणक ठरवतो. आपल्याकडच्या जुन्या इंजिनांमध्ये तो डिझेलच्या पंपाखाली ठेवलेले कागदासारखे पातळ पत्रे ठरवतात. एक पत्रा घातला की फवारा थोडा उशिरा पडतो. एक काढला की थोडा लवकर. पंपाची नळी सोडावी, चाक हाताने हळूहळू फिरवावे, डिझेलची धार नेमकी कोठे थांबते ते पाहावे आणि चाकावरच्या खुणेशी ताडून घ्यावे, असे पुस्तकात होते. मी ते तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितले, तेव्हा तुम्ही बिडी विझवून म्हणालात, "चाकावरची खून कंपनीनं लावली, तवा इंजिन नवं होतं. आता थे म्हातारं झालं. म्हाताऱ्याची चाल कानानं ओळखा लागते, बाबू. पुस्तकाले कान हायेत का?" समोर बसलेली चार गिऱ्हाइके हसली. मी मान खाली घातली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. माझे लग्न होऊन दीड महिना झाला होता आणि तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता म्हणून रुजू होण्याचे पत्र माझ्या खिशात होते. इंजिन चालू आहे. तुम्ही ती लाकडी मुठीची लोखंडी सळई माझ्या हातात देता आणि चारचौघांत विचारता, "सांग, लवकर का उशिरा?" मी सळईचे एक टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो आणि मला गोंगाटाखेरीज काहीही ऐकू येत नाही. एवढ्यात ती, तुमची नवी सून, स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येते. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तुमच्यासमोर तिने कधी तोंड उघडले नव्हते. सासऱ्यासमोर सुनेने बोलायचे नाही, ही रीत आपल्या घरात कोणी मोडली नव्हती. तांब्या माझ्याजवळ ठेवताना ती पुटपुटते, "डिझेल लवकर पडून राहिलं. एक पत्रा टाका." तेच वाक्य मी मोठ्याने उच्चारतो. तुम्ही पत्रा टाकता. इंजिनातला कडकडाट मावळतो आणि ते समाधानाने चालू लागते. तुम्ही फडक्याला हात पुसता. मग म्हणता, "मास्तरकी राहू दे. तुले कान हाये. ही सळई आता तुही."

तुमच्या तोंडून माझ्याविषयी निघालेला तो पहिला चांगला शब्द होता, बाबूजी. मी तो परत करू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी मी नोकरी नाकारल्याचे कळवले आणि जी विद्या माझी नव्हती, तिच्या जोरावर या दुकानात कायमचा अडकलो.

तिचे माहेर तुम्हाला ठाऊक होते, पण तिचे बालपण ठाऊक नव्हते. त्यांच्या घराला लागून इंजिनावर चालणारी धान भरडायची गिरणी होती. ती त्या आवाजातच झोपली, त्या आवाजातच जेवली. घशाला सूज आलेले माणूस आवाजावरून ओळखावे, तसे तिला इंजिन कळत असे. मग आम्ही दोघांनी एक खूण ठरवली. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. मी सळई कानाला लावून डोळे मिटायचो. पलीकडे तिने कढईच्या काठावर झारा एकदा वाजवला, तर पत्रा घालायचा. दोनदा वाजवला, तर काढायचा. काहीच वाजले नाही, तर बरोबर. तुम्ही एकदा म्हणालातही, "सूनबाई भाजी रांधते का भांडे ठोकते?" मी हसलो. रात्री तिला सांगितले, तेव्हा ती माझ्यापेक्षा अधिक हसली.

तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा ती यावर एकदाच बोलली होती. तुमची, तिच्या मामाजींची, पेज गाळता गाळता म्हणाली, "मामाजीले एकदा सांगा ना. मले कायी नको. फक्त त्यायले मालूम राहू द्या." मी म्हणालो की, या अवस्थेत तुम्हाला कशाला त्रास द्यायचा. तिने गाळणे खाली ठेवले. "त्रास त्यायले होईन का तुमाले?" एवढेच तिने विचारले आणि पेज घेऊन तुमच्या खोलीत गेली. तुमच्या तेराव्याला जमलेल्या लोकांनी माझ्या कानाचे कौतुक केले, तेव्हा ती पंगतीत वरण वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. त्यानंतर तो विषय तिने कधीही काढला नाही, आणि झारा मात्र एकदाही चुकवला नाही.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. डॉक्टरांनी कारण हृदयाचे सांगितले.

आज मी धार कोठे थांबते ते पाहिले, एक पत्रा काढून खूण जुळवली, तीन वेळा तपासले. पुस्तकाप्रमाणे काम निर्दोष होते. इंजिन चालू केले; धूर पुष्कळ कमी झाला. पण इंजिन जुने होते, आणि आतला ठोका किती वाढला आहे, हे मला कळेना. तो तसाच राहिला, तर ऐन पाण्याच्या दिवसांत त्याचा पिस्टन जाईल, हेही मला माहीत होते. शेतकरी हात बांधून उभा होता. "आता कान लावा, साहेब," तो म्हणाला. त्याला खरे सांगण्यासाठी मी तोंड उघडले होते. त्याऐवजी मी सळई उचलली, इंजिनाला लावली, डोळे मिटले आणि सवयीने भिंतीकडे तोंड करून थांबलो.

भिंतीपलीकडून काहीही वाजले नाही.

मी डोळे उघडले आणि त्याला म्हणालो, "बरोबर आहे." तो माझ्या पाया पडला, इंजिन घेऊन गेला. त्याच्या गावाची वाट मला माहीत आहे; उद्या सकाळी जाऊन त्याला सांगावे, असे संध्याकाळपासून मी स्वतःला बजावत आहे. हे पत्र मी पत्र्यांच्या डब्यात, तळाशी ठेवणार आहे. तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही, हे ठाऊक असल्यामुळेच मी ते लिहू शकलो. आणि एक कबूल करतो: आज भिंत गप्प राहिली, तेव्हा क्षणभर मला खरोखर वाटले की तिने ऐकले आहे.