कॅप्टन एकटेच निघाले

प्रिय अहो,

तुम्ही केस कापायला गेलात आणि मी तुमची बॅग भरायला बसले. बॅग पलंगावर आ वासून पडलीय आणि मी तिच्याकडे सवतीकडे बघावं तशी बघतेय. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्यावाचून कुठे मुक्कामाला गेला नाहीत, आणि आता या वयात, म्हणे, जुन्या स्टाफची सहल! तीही फक्त पुरुषांची! "तुला काय मजा येणार तिथे, सगळे म्हातारे खोकत बसणार," म्हणालात. अहो, खोकणारा म्हातारा बघायला मला गाव सोडून जावं लागतं का? हे सगळं तोंडावर बोलले असते. पण मी बोलायला लागले की तुम्ही ते तुमचं हसू बाहेर काढता, आणि मग माझं काही चालत नाही. कागदावर त्या हसण्याची मात्रा चालणार नाही, म्हणून लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, चालवून घ्या. शाळा माझी लवकरच सुटली. पुढचं वाचायला शिकले ते पाहुणे खोलीत विसरून गेलेल्या पुस्तकांवर, आणि तेही पाहुणा पुस्तक मागायला परत येईपर्यंत जेवढं होईल तेवढंच.

त्या हसण्याचंच आधी सांगते. हॉटेलात तुम्ही डायनिंग हॉलचे कॅप्टन, सगळ्या वेटरांचे म्होरके, आणि मी हाउसकीपिंगची, खोल्या आवरणारी. तुम्ही पुढच्या दाराचे, मी मागच्या जिन्याची. ट्रॉली ढकलत हॉलच्या काचेच्या दारावरून जाताना मला तुम्ही दिसायचात. कुणा बाईसाठी खुर्ची ओढताय, किंचित वाकताय, आणि तिनं सूप गरम आहे का विचारलं की "खास आपल्यासाठीच उकळत ठेवलंय" असं सांगताय. मागे आचारी शिव्या घालत असायचा, भांडी आपटत असायची, आणि तुम्ही दार ढकलून बाहेर यायचात ते जणू आत्ताच आंघोळ करून, झोप काढून आलाय असे. बायका पाघळायच्या. पुरुषसुद्धा पाघळायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी तुम्ही मला कधी खुर्ची ओढून दिली होतीत? घरी "जेवायला काय आहे" आणि "दिवा बंद कर", एवढीच आपली संभाषणं.

भटारखान्यात तेलानं पेट घेतला होता, तो दिवस आठवतो? धूर दाराखालून यायला लागला होता, आणि तुम्ही टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होतात, "आज जरा बागेत बसून जेवलात तर? हवा फार छान आहे." आणि ती सगळी मंडळी खरोखर आपापल्या प्लेटा घेऊन, पोरासोरांसकट, हसत बागेत गेली! एकाच्याही मनात पाल चुकचुकली नाही. आग विझल्यावर तुम्ही मागच्या जिन्यात आलात आणि माझ्या बादलीशेजारी मटकन बसलात. तुमचे हात नुसते लटलटत होते. मी ओल्या फडक्यानं तुमचं तोंड पुसलं. ते फडकं फरशीचं होतं, हे आज सांगून टाकते. आणि पुसता पुसता मनात काय आलं असेल माझ्या? की पाहुणीला बाग आणि बायकोला थरथर. ही कुठली वाटणी!

म्हणून मला आपले प्रवास आवडायचे. हंगाम सरला की आपलं हॉटेल रंगरंगोटीसाठी बंद व्हायचं आणि मालकांच्या दुसऱ्या हॉटेलांत आपल्याला सवलतीनं खोली मिळायची. मला वाटायचं, आता तरी मी पाहुणी होईन. कसली पाहुणी! खोली आवरणारी मुलगी यायच्या आत मीच चादरीचे कोपरे दाबून ठेवायची, उगाच तिनं नावं ठेवायला नकोत. आणि तुम्हाला भटारखान्याच्या दाराकडे पाठ करून बसताच यायचं नाही. तुमच्या शेजारी बसून समुद्र माझ्याही वाट्याला पाठीमागूनच आला, कारण समोर तुम्हाला दार हवं असायचं. तळ्याकाठच्या हॉटेलात तर तुम्ही कहर केलात. आपण सूप प्यायला बसलो, तेवढ्यात बसभर माणसं आली, वाढणारे दोघेच, त्यातल्या एकाच्या हातून ट्रे पडला, आणि तुम्ही उठलात. सुट्टीतला फुलाफुलांचा शर्ट घालून, हातावर नॅपकिन टाकून! हिरव्या शालीतली एक बाई तर तुमचा हात सोडेना. "इथले सगळे वेटर असेच शर्ट घालतात का हो? किती छान!" तुम्ही माझ्यासाठी नाही, पण तिच्यासाठी लिंबू आणायला धावलात. माझं सूप थंड झालं आणि मी गरम. तरातरा वर गेले, आणि राग कुणावर काढायचा म्हणून त्या मजल्यावरच्या मुलीबरोबर सगळ्या खोल्यांच्या चादरी बदलून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिथला मॅनेजर म्हणाला, "तुम्ही दोघं इथेच का राहत नाही कामाला?" तुम्ही हसलात. मी नाही.

पण परतीची गाडी मात्र माझी असायची. डब्यात शिरलात की आधी बूट काढायचात, आणि बुटांबरोबर ते हसूही बाकाखाली जायचं. मग चहा पांचट, खिडकी लागत नाही, कंबर गेली कामातून, अशी तुमची कुरकुर सुरू. पाय उचलून माझ्या मांडीवर टाकायचात आणि तोंड उघडं टाकून झोपायचात. समोरच्या बाकावरची माणसं माझ्याकडे कीव येऊन बघायची. मला वाटायचं, घ्या, जगाला ताजं आणि मला शिळं. तेव्हा असंच वाटायचं. आता काय वाटतं ते पुढे येतंच आहे.

आता टेलिफोनवालीकडे येऊ. तुम्ही तिच्या नावाला कान टवकारलेत, दिसतंय मला. हॉटेलात ती माझ्यानंतर लागली. कानामागून आली आणि तिखट झाली. काय तो आवाज! लोक उगाचच खोलीतून फोन उचलायचे आणि किती वाजले विचारायचे, प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ असून. तिचा नवरा गेल्यावर ती आपल्या मागच्या गल्लीत राहायला आली, तेव्हा मीच तिला चहाला बोलावलं होतं. चांगुलपणा अंगाशी येतो तो असा. कारण मग तुमचे गुरुवार सुरू झाले. इस्त्रीचा शर्ट, "जरा बागेत चक्कर मारून येतो," आणि एकदा दूध आणायला गेले तर तुम्ही दोघं बसस्टॉपवर! ती हातवारे करून तुम्हाला काहीतरी समजावतेय आणि तुम्ही शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान डोलावताय. मी काही सांगितलं तर तुमची मान कधी डोलली होती?

आणि त्याच सुमाराला घरात ते हसू आलं. ज्यासाठी जन्मभर जळले, ते आपल्या पायांनी चालत घरी आलं. तुम्ही मला खुर्ची ओढून दिलीत. "तू बस, चहा मी आणतो." "वा, काय भाजी झालीय!" आणि भाजीत मीठ घालायला मी विसरले होते. मुलीला फोन केला तर ती खो खो हसली. "अगं आई, बाबा चहा करून देतात म्हणून तू रडतेस? नको असतील तर माझ्याकडे पाठव!" मी म्हटलं, बाई, तुला नाही कळायचं. घरात अचानक साखर सांडलेली दिसली की मुंग्या कुठून येतायत ते आधी बघावं. त्यात माझ्या घोरण्याचं निमित्त करून तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायला लागलात. सकाळी अंथरूण आवरताना बघावं तर चादरीला सुरकुती नाही आणि उशा दोन्ही भिंतीशी उभ्या. म्हणजे माणूस आडवा झालेलाच नाही, टेकून बसलेला आहे. दुसऱ्यांची अंथरुणं आवरण्यात माझा जन्म गेला, एवढं मला कळलं. पण अर्थ काय काढला? म्हटलं, तिची आठवण काढत बसतात! मत्सराला डोळे असतात, पण ते तिरळे.

गेल्या गुरुवारी मी तुमच्या मागोमाग आले. मुलीचा जुना गॉगल लावून, मागच्या बसनं. तुमच्या बसचा नंबर मला आधीच पाठ झाला होता. काय काय बोलायचं ते वाटेत घोकत होते, अगदी झणझणीत. तुम्ही दोघं हॉस्पिटलपाशी उतरताना खिडकीतून दिसलात. मी मनात म्हटलं, तिचं कुणी आजारी असेल, आणि हे निघाले सेवेला! मागे मागे आले. जिना चढताना तुम्ही मध्येच थांबलात, कठड्याला धरून. पाटी वाचली, हृदयाचा विभाग. मी काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. थोड्या वेळानं तुम्ही आतल्या खोलीतून आलात. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, चेहऱ्यावर हसण्याचं नावही नाही. बाकावर बसलात आणि दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरलेत, तरी ते थरथरत होते. तिनं आपला हात त्यावर ठेवला.

खरं सांगू? आधी मी घाबरायला हवं होतं. पण आधी मी जळले. जन्मात जळले नव्हते इतकी जळले. हिरव्या शालीवालीला दिलंत ते काहीच नव्हतं. हसू तुम्ही गावभर वाटलंत, मी कुरकुरत का होईना वाटू दिलं. पण तुमची भीती माझी होती. ती मागच्या जिन्यातली, परतीच्या गाडीतली, दुसऱ्या कुणी न बघितलेली. ती उचलून तिला देऊन आलात, आणि मला काय दिलंत, तर पाहुणीचं हसू? मी तशीच मागे फिरले आणि घरी येऊन चहाचं आधण ठेवलं. तुम्ही आलात, खुर्ची ओढून दिलीत आणि म्हणालात, "आज बागेत हवा फार छान होती."

काल मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. भांडायलाच गेले होते. तिनं माझं तोंड बघितलं आणि उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. तुमच्या हृदयाची झडप खराब झालीय, आडवं झालं की दम लागतो, सहलीच्याच दिवशी भरती व्हायचंय, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, सहलबिहल काही नाही. तिच्या नवऱ्याचं तिथेच झालं होतं आणि नंतर तो चांगली वर्षं जगला, म्हणून तुम्ही तिला धरलंत, आणि मला न सांगण्याची शपथ घातलीत. तुम्ही म्हणे तिला म्हणालात, "हिनं जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्या आवरल्या. माझं हे ओझं तिला कशाला?" अहो, मग जन्मभर मी आवरत काय होते? तर आता ऐका. हे पत्र तुमच्या पायजम्याच्या घडीत ठेवतेय. तिथली नर्स कपडे बदला म्हणेल तेव्हा ते हातात येईल. उद्या तुम्ही निघताना मी दारातून हात हलवीन, "मजा करा" म्हणीन, आणि तुमच्यापेक्षा गोड हसून दाखवीन. मग पुढच्या बसनं निघेन. टेलिफोनवालीला सांगितलंय, बाई, तुझी ड्यूटी संपली, आता माझी सुरू. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचं असेल तर बस, चहा मी पाजीन. वाचून झालं की त्या खोलीचं दार उघडा, मी बाहेरच बसलेली आहे. मला आत बोलवा. आणि खबरदार, हसलात तर.

तुमचीच,
जिला तुम्ही नुसतं 'अगं' म्हणता ती