भुरीच्या टाक्यांआधी केलेली वाटणी

मी, प्रयागबाई रामहरी थोरवे, वय चौऱ्याहत्तर, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, शिक्षण चौथी (नापास, पण अक्षर चांगलं), आज डोकं ठिकाणावर असताना, सकाळची भाकरी पचलेली असताना आणि कुणी दटावलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला काही झालेलं नाही. मी फार मजेत आहे. मृत्युपत्र करते म्हटल्यापासून दोन्ही सुना न मागता चहा देतात. हे आधी कळतं तर पंधरा वर्षांपूर्वीच केलं असतं.

कलम १. जमीन. आमचे हे गेले तेव्हाच थोरला विजयसिंह आणि धाकटा रणजित यांना वाटून दिली. बांधावरच्या एका बाभळीसाठी दोघांनी सरकारी मोजणी दोनदा आणली. तेवढ्यात बाभूळ वाळली. ते लाकूड माझ्या सरणाला घालावं, म्हणजे कुणाकडंच गेलं नाही म्हणून दोघांचंही समाधान होईल.

कलम २. पाणी तापवायचा पितळी बंब. हा शेजारच्या द्वारकाबाईनं तिच्या लेकीच्या लग्नाला नेला. त्या लेकीची लेक आता कॉलेजात आहे. "बंब तू मला दिलाच हाय," असं ती म्हणते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे, म्हणून मुद्दाम तिलाच साक्षीदार घेतलं आहे. बंब नात राजनंदिनीला.

कलम ३. भुरी. हे मुख्य कलम आहे, नीट वाचावं.

भुरी हे रानमांजर. बारा वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या वेळी फडातून निघालं, ते आमच्या कणगीमागं राहिलं. उंदीर तिनं ठेवला नाही, पण कुणाला हातही लावू दिला नाही. दिवाळीत राजनंदिनीला तिच्या पोटाखाली लिंबाएवढी गाठ दिसली. गेल्या आठवड्यात कुठं टोमॅटोच्या क्रेटखाली सुकट ठेवून भुरीला धरली (विजयसिंहाच्या मनगटावर खूण आहे) आणि बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेली.

डॉक्टर म्हणाले, "आजी, वय झालंय. भुलीतून उठंल याची खात्री देत नाही. पण गाठ ठेवली तर फुटंल, हाल होतील. आणि ऑपरेशन केलं तर टाके निघेपर्यंत दहा दिवस कोंडून ठेवावं लागंल." मग कागद काढून विचारलं, "मालक कोण?"

एका बाभळीसाठी मोजणी आणणारी माझी लेकरं! विजयसिंह पंख्याकडं बघायला लागला. रणजितला अचानक फोन आला. "भटकं हाय ओ ते, आमचं न्हाय," दोघंही म्हणाले. चाळीस वर्षांत दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच. मी म्हणाले, "आणा हिकडं पेन." म्हणजे भुरी कायद्यानं माझी. माझी म्हणून या कागदात.

डॉक्टरांनी विचार करायला आठवडा दिला. सोडली तर परत हाती लागायची नाही, म्हणून तोवर भुरी न्हाणीत, क्रेटखाली. घरात रोज बैठक. रणजित म्हणे, "आये, जनावर हाय, निसर्गावर सोड." मी म्हणाले, "तुझी पाठ धरली तवा निसर्गावर सोडली व्हती व्हय रं?" माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं का, हे गेल्या वर्षी एका कप चहात ठरलं होतं. "या वयात कशाला? बसून तर असती." कप पण अर्धाच होता. मांजराला आठवडा मिळाला, याचा मला आनंदच आहे. घर सुधारतंय.

मला मात्र खरंच कळेना. कधी कोंडून न राहिलेलं जनावर, आणखी दहा दिवस कसं काढील? मेलं तर पाप माझं. नाही केलं तरी माझंच. काल न्हाणीत क्रेटपुढं पिढं घेऊन बसले आणि विचारलं, "काय गं, जगायचं का?" ती अशी फिसकारली की पिढ्यासकट मागं सरकले. ज्याला इतका राग येतो, त्याचं जगून झालेलं नसतं. मला पण येतो.

तर ठरलं. ऑपरेशन गुरुवारी. दहा दिवस ती माझ्या खोलीत, मी बाजेवर, ती बाजेखाली. तिचे टाके निघाले की माझा गुडघा. त्या कागदावरही सही मीच करणार.

कलम ४. माझी खोली. मांजराच्या नावावर खोली होत नाही असं कळलं. म्हणून राजनंदिनीच्या नावावर, पण भुरी जिवंत आहे तोवर दाराची खालची मोडकी फळी कुणी बसवू नये. हे कलम वाचून दाखवल्यापासून दोन्ही लेकरं तिला 'भुरीबाई' म्हणतात आणि "ती माझीच" म्हणून भांडतात. मांजर ज्याचं त्याची खोली, असा त्यांचा हिशोब. भांडू द्यावं. मोजणी आणू नये.

कलम ५. माझा दहावा. पिंडाला कावळा शिवला नाही की लोक घाबरून काहीही कबूल करतात. बंब परत देऊ, बांध सोडू, असलं काही बोलू नये, तुमच्यानं होणार नाही. एवढंच म्हणावं, "भुरीला दूध घालू." लगेच शिवेल. फक्त भुरीला नदीवर नेऊ नये. ती कावळ्याला पिंडाजवळ येऊ द्यायची नाही, आणि मी बसेन तिथंच लटकत.

लिहून देणार: प्रयागबाई रामहरी थोरवे (सही केली आहे, अंगठा नाही)

साक्षीदार:
१. द्वारकाबाई (कलम २ वाचून सही केली, पेन आपटलं)
२. सोपान, निवृत्त पोस्टमन

ठिकाण: लासुर्णे, आमची ओसरी
दिनांक: मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५