कप्तानाचा रंग

दुबई, १९६७

याकूबभाई, सलाम.

माझा तुमच्यावर संशय आहे. ऑफिसच्या सायक्लोस्टाइलवर मी माझ्या मंगळावरच्या विज्ञानकथेच्या चाळीस प्रती काढल्या आणि लियाकतच्या चहाच्या दुकानात ठेवल्या. आठवड्यात सगळ्या संपल्या. मुरुडच्या काळ्या सिद्दीने लिहिलेलं कोण वाचतंय? त्यातून निम्म्या गिऱ्हाइकांना वाचताच येत नाही, त्यांची घरची पत्रं मीच लिहितो. म्हटलं, तुम्हीच लियाकतला कळवलं असणार, "धाकट्याचं मन राखा."

म्हणून शुक्रवारी नमाजनंतर मी गुपचूप दुकानाच्या दाराआड उभा राहिलो. दुकानातला पोऱ्या मुश्ताक मोठ्याने वाचत होता, वीसेक माणसं ऐकत होती.

"गोरापान कप्तान यानातून उतरला..."

मी गोरापान लिहिलंच नव्हतं.

"काळा," मी आत शिरत म्हणालो. "माझ्यासारखा."

सगळे वळले. मुश्ताकने मान खाली घातली. आता हसतील, असं मला वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यातला म्हातारा हमाल म्हणाला, "यल्ला, चल मुश्ताक, पहिल्यापासून वाच. लिहिलंय तसं."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही म्हणाल, "त्या म्हाताऱ्यालाही मीच सांगितलं होतं." आणि मला ते खरं वाटेल.

तुमचा धाकटा,
मुबारक