एकसष्ट रेघा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंद्याने मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती वॉर्डात एकतीस वर्षे हाडं झिजवून निवृत्त, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. माणूस शुद्धीत आहे की नाही हे मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल लिहून दिलं, आज एकदा स्वतःबद्दल लिहिते. कायद्याचं समाधान व्हावं म्हणून दुसऱ्या डॉक्टरचा दाखलाही जोडला आहे. त्याने मला आजची तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. हे प्रश्न त्याला मीच शिकवले होते. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि हातात महिने थोडे आहेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर बरं झालं असतं, हे सगळं अकरा वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं.

कलम १. माझं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची अडगळ, माझ्या दिवंगत धाकट्या भावाची बायको आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं मिळावं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे वारसांची रांग नाही. भावजय म्हणेल, "कशाला हो ताई, तुम्ही आधीच आमच्यासाठी एवढं केलंत." कलम ६ वाचल्याशिवाय तिने हे वाक्य तोंडातून काढू नये. वाचल्यावर घर नकोसं झालं तर खुशाल विकावं, फक्त रागाच्या भरात माझ्या चुलत भावाला विकू नये.

कलम २. सदर चुलत भावाला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. माझा भाऊ गेला त्या दिवशी हा गृहस्थ दारात चपला काढता काढता म्हणाला, "सुटला एकदाचा," आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "त्याची स्कूटर विकणार आहात का?" त्याची लोखंडी शिडी माझ्याकडे आहे, ती परत करावी. तिची तिसरी पायरी सैल आहे, हेही त्याला सांगावं. सांगू नये असं फार वाटलं, पण आता पापं वाढवायची नाहीत.

कलम ३. वॉर्ड आता जी तरुण डॉक्टरीण चालवते तिला माझी पुस्तकं, गुडघ्यावर मारायचा हातोडा आणि काळी वही द्यावी. पेशंट बाटली कुठे लपवतात याची एकतीस वर्षांची यादी त्या वहीत आहे. गरम पाण्याची पिशवी, फ्लशची टाकी, खोकल्याच्या औषधाची बाटली, एकदा तर प्लास्टरमधला पाय. मुली, कधीही पेशंट आणि दरवाजा यांच्यामध्ये बसू नकोस. नातेवाइकाला बाहेर पाठवल्याशिवाय "किती घेता?" असं विचारू नकोस आणि आलेल्या उत्तराची दुप्पट धर. आणि स्वतःच्या रक्ताच्या माणसावर उपचार करू नकोस. हे मलाही शिकवलं होतं. शिकवलेलं आणि समजलेलं यात फरक असतो.

कलम ४. बँकेतल्या ठेवी वॉर्डाला द्याव्यात. अट एकच. सात नंबरची खाट कायम रिकामी ठेवावी, तिची चादर रोज बदलावी, आणि जो पिऊन येईल, चौथ्यांदा येईल, शिव्या देत येईल, त्याला ती विचारपूस न करता द्यावी. विश्वस्त कुरकुरतील. ते माझ्या हयातीतही कुरकुरत होते.

कलम ५. काचेच्या कपाटातलं स्मृतिचिन्ह फोडून टाकावं. वॉर्डाच्या फाटकावर "पिऊन आलात तरी आत या" अशी पाटी लावली म्हणून ते मला मिळालं होतं. आमच्याकडे दाखल होण्याआधी कोरडं, म्हणजे न पिता, राहून दाखवायची अट कागदावर होती, एरवी ती कोणी लावत नसे, ती मी काढून टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भावजय पहिल्या रांगेत बसून रडली. ती पाटी मला का लावावी लागली, हे कोणी विचारलं नाही.

कलम ६. हे कलम माझ्या वकीलबाईंनी माझी भावजय आणि भाची दोघीही समोर असतानाच वाचावं, आणि मध्ये थांबू नये.

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याला सायकल मी शिकवली, इंग्रजी मी शिकवलं, पहिली नोकरी मी ओळखीने लावली. दारू त्याचा तोच शिकला. आमच्या वॉर्डात तो चार वेळा दाखल झाला आणि चारही वेळा दोन-तीन महिन्यांत पालथ्या घड्यावर पाणी. भावजय शेवटी मुलीला घेऊन माहेरी गेली, ते योग्यच केलं. तो एका भाड्याच्या खोलीत राहू लागला.

मग विश्वस्तांच्या बैठकीत एक जण हसत म्हणाला, "मॅडम, वॉर्ड आहे की भावाचं आजोळ?" मीही हसले. ते वाक्य आठवडाभर माझ्या पोटात राहिलं.

पुढच्याच सोमवारी भाऊ आला. तीन तास फाटकाजवळच्या बाकावर बसला. मी खिडकीतून बघत होते आणि मुद्दाम बोलावत नव्हते. शेवटी आत घेतलं. तो म्हणाला, "ताई, या वेळी खरंच. टिकलीचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात, शुद्धीत जायचंय." टिकली म्हणजे माझी भाची. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

सात नंबरची खाट रिकामी होती. मी म्हणाले, "खाट नाही." मग म्हणाले, "आणि असती तरी दिली नसती. घरी जा. बहात्तर तास एक थेंब न घेता राहून दाखव, मग ये. तुला जमायचं नाही."

सिस्टर तिथेच औषधं मोजत होत्या. भाऊ गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, घरी एकदम बंद करायला सांगितलंत? आपणच तर सगळ्यांना नको म्हणतो."

त्यांचं बरोबर होतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात सोडली तर शरीर ते सोसत नाही. हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, झटके येतात, माणूस दगावतो. म्हणून तर दाखल करून, गोळ्या देऊन, हळूहळू उतरवायचं असतं. हे मी हजारो नातेवाइकांना घसा बसेपर्यंत सांगितलं आहे. नेमकं तेच औषध मी माझ्या भावाला दिलं, कारण तो ऐकेल असं मला वाटलंच नाही. मला फक्त तो हरलेला पाहायचा होता, म्हणजे मी बैठकीत मान वर करून बसले असते.

बुधवारी दुपारी वॉर्डात त्याचा फोन आला. त्याचा फोन मला द्यायचा नाही असं मी बजावून ठेवलं होतं. सिस्टर दारात आल्या, मी हात वर करून त्यांना थांबवलं. तो काय म्हणाला हे मी नंतरही कधी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी त्याच्या घरमालकाने मला बोलावलं. खोलीत मी एकटीच गेले. खोली झाडलेली होती. धुतलेला शर्ट खुर्चीवर वाळत होता. तो खाटेखाली पडला होता, जीभ चावलेली होती, आणि झटक्याने काय झालं ते मला दारातूनच कळलं. फळीवर एक भरलेली बाटली होती. तिचं सील फोडलेलं नव्हतं.

मी ती बाटली उघडली, मोरीत ओतली आणि रिकामी करून त्याच्या उशाशी ठेवली. मग इतरांना हाक मारली. आलेल्या डॉक्टरने बाटली पाहिली, आमच्या वॉर्डाची जुनी फाईल पाहिली आणि सगळ्यांना अपेक्षित होतं तेच लिहिलं. भावजयीने बाटली पाहिली. टिकलीनेही पाहिली.

टिकली, तुझा बाप दारू पिऊन मेला नाही. तो दारू न पिता मेला, तुझ्यासाठी, आणि माझ्या सांगण्यावरून. अकरा वर्षं तू त्याचा फोटो घरात ठेवला नाहीस. गेल्या महिन्यात माझ्या पायाशी बसून तू म्हणालीस, "आत्या, तू त्याच्यासाठी इतकं केलंस आणि त्याला आमच्यासाठी एक दिवससुद्धा राहवलं नाही." मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. घरच्यांच्या डोळ्यांत बघून खरं बोला, असं मी एकतीस वर्षं पेशंटना सांगत आले. मला ते जमलं नाही. मी भित्री आहे, आणि मला तुझा लळा होता. माफी मागत नाही, ती द्यायचं ओझं तुझ्यावर कशाला.

कलम ७. कपाटातल्या खालच्या कप्प्यात चौकटीची एक वही आहे. ती टिकलीला द्यावी. ती तिचीच आहे, सातवीतली, गणिताची, बापाकडे राहून गेलेली. आमच्या वॉर्डात पेशंटना शिकवतात की दिवस मोजू नका, तास मोजा, तास गेला की एक रेघ मारा. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने तशा रेघा मारल्या आहेत. एकसष्ट आहेत. एकही तास सुटलेला नाही, म्हणजे तो झोपलेला नाही. पहिल्या वीस सरळ आहेत. पुढे त्या वाकतात. चाळिसावीनंतर एकमेकींवर चढतात. चाळिसावी रेघ कोणत्याही शिकाऊ डॉक्टरने पाहिली असती तर रुग्णवाहिका धाडली असती. मी ती वही त्याच दिवशी उचलली आणि लपवली. तुझ्या बापाची सगळी इस्टेट एवढीच होती. ती मी दाबून ठेवली होती, आज परत करते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. फाटकावरच्या वॉचमनना माझं मनगटी घड्याळ द्यायचं होतं, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं त्या म्हणाल्या. म्हणून ते आत्ताच त्यांच्या हातात बांधलं आहे.

ठिकाण: माझ्या घरातलं जेवणाचं टेबल.
दिनांक: चौदा मार्च, सकाळी अकरा वाजता.
लिहून ठेवणार: (सही) टिकलीची आत्या

साक्षीदार एक, वॉर्डचे वॉचमन: बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दोन, वॉर्डच्या निवृत्त सिस्टर: मॅडमनी माझ्यासमोर सही केली. आधी मला सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, चुकलं असेल तर लिहा. चुकलेलं काही नाही, एक राहिलं आहे. बुधवारच्या त्या फोनवर भाऊ एवढंच म्हणाले होते, "ताईला सांगा, पन्नास झाले." तेच सांगायला मी दारात आले होते. (सही)