फाट्यावरची खुर्ची

सोमवार

पोचलो एकदाचा! गाडीनं वाटेत दोनदा नाटकं केली, पण आणलं बिचारीनं.

काम सांगितलं की लोक हसतात. फाट्यावर खुर्ची टाकून बसायचं आणि गाड्या मोजायच्या. पुढच्या शनिवारपर्यंत. गावाला एकच रस्ता. फाट्यावरून आत शिरतो, गावातून जातो, खाणीमागून तलावाला वळसा घालतो आणि परत ह्याच फाट्याला येऊन मिळतो. नकाशावर खुंटीला लटकवलेल्या पिशवीसारखा दिसतो. पिशवीच्या तोंडाशी मी. बाहेर पडणारी प्रत्येक गाडी बघायची आणि हातातल्या काउंटरचं बटण दाबायचं. टक. साहेब म्हणाले, आकडा कमी आला तर रस्ता दुरुस्तीच्या यादीतून गेला समज, मग बसही बंद आणि अँब्युलन्सही. म्हणजे अख्खं गाव माझ्या अंगठ्याखाली. घरी कुणी विचारत नाही ते सोडा.

रस्त्यावर एक काळी रबरी नळीही आडवी ठोकलीय. चाक तिच्यावरून गेलं की बाजूच्या पेटीत आकडा पडतो. साहेबांचा माणसावर विश्वास नाही आणि यंत्रावरही नाही, म्हणून दोन्ही.

आधीचा मोजणीवाला कामाचा ताबा द्यायला थांबणार होता. पत्ताच नाही. काउंटर खुर्चीवर टाकून गेलेला. बसलो तर पहिलीच गाडी लाल, छोटी. आतला माणूस स्टिअरिंगवर वही ठेवून काहीतरी लिहीत होता, शहाणा! मी टक केलं. त्यानं दचकून वर बघितलं आणि हॉर्न दाबला तो पार हायवेला लागेपर्यंत सोडलाच नाही. मीपण हात हलवला. मोकळी माणसं आहेत इकडची.

राहायला फाट्यासमोरच्याच घरात, वरची खोली. खिडकीची एक काच फुटलीय, तिथे पुठ्ठा. कॉट मधोमध खोलगट, आधीच्या कुणाच्या तरी पाठीच्या मापाची. मालकीण काकू एकट्याच असतात. कमी बोलतात, भरपूर वाढतात.

पोरीचा फोन आला. पुढचा दात हलतोय, पण बाबा आल्याशिवाय ती कुणाला हात लावू देणार नाही. बायको म्हणाली, कारटी सहा वर्षांची आणि अटी साठ वर्षांच्या. शनिवारी येतोच, म्हटलं.

बुधवार

बसून बसून माणूस इतका दमतो हे आज कळलं. ऊन, धूळ, आणि त्याच त्या गाड्या. दुधाचा टेम्पो. हिरवा ट्रॅक्टर. एक मास्तरीण स्कूटरवर. दोन तासांनी पुन्हा दुधाचा टेम्पो, रिकामाच.

शेजारच्या गॅरेजच्या मिस्त्रीला विचारलं. तो मला मोजणीसाहेब म्हणतो, आणि साहेब हा शब्द शिवी दिल्यासारखा. म्हणाला, अहो मोजणीसाहेब, खऱ्या गाड्यांवर रस्ता टिकला असता तर काय पाहिजे होतं! रस्ता बंद व्हायची पहिली नोटीस आली तेव्हाच गावानं ठरवलं की प्रत्येक घरानं पाळी लावून फेऱ्या मारायच्या. काम असो नसो. आकडा पडता कामा नये.

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, सुरुवातीला आम्हालाही गंमत वाटायची.

त्यानंतर चालवणाऱ्यांचे चेहरे बघायला लागलो. सगळ्यांचे डोळे खोल गेलेले. मास्तरीण स्कूटरवर झोपलीच होती बहुतेक. टक केल्यावर खांदे सैल सोडून हायवेला लागली.

शुक्रवार

नळीचा आकडा आणि माझा आकडा जुळत नाही. रोज एकच गाडी कमी, माझ्याकडे. एकच! डोळ्यांत तेल घालून बसतो, सकाळचा चहा सोडला तर मान वळवत नाही.

चहा काकू आणतात. रोज त्याच वेळी. समोर उभं राहून कप होईपर्यंत गप्पा मारतात, एरवी तोंड न उघडणारी बाई. आज विचारत होत्या, मुलीला दात पडताना ताप येतो का. आपल्या आईनं विचारावं तसं. बरं वाटलं.

सोमवार

चहाच्या वेळी काकूंच्या कोपराखालून बघितलं.

निळी व्हॅन. जुनी, पुढचा दिवा फुटका. आत एक म्हातारा, मान छातीवर पडलेली, हात मात्र स्टिअरिंगवर. नळीवर चाकं धपधप वाजली. काकू बोलायच्या थांबल्या. वळल्या, आणि ती व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग कप घेऊन गेल्या.

तो माणूस मी ओळखतो. रोज जेवतो त्या टेबलावर त्याचा फोटो आहे. काकूंचे यजमान.

मिस्त्रीकडे गेलो. तो बराच वेळ पाना पुसत बसला. म्हणाला, तीन वर्षं झाली. त्यांची पाळी होती, तलावाच्या वळणावर गाडीतच गेले. व्हॅन तशीच फाट्यापर्यंत आली, पण मोजणीवाला जेवायला उठलेला. खुर्ची रिकामी. माणसानं बघून मोजलं तरच सुटका, नळीचं चालत नाही. नाही मोजलं तर परत फेरी. जिवंत असो वा नसो, फक्त मेलेल्याची गाडी सावकाश, दिवसाला एकच फेरी. तो स्वतः एकदा तसा सापडला होता, दोन दिवस फिरत होता. ब्रेक लागतो, म्हणाला, गाडी थांबत नाही.

मग तुम्ही कुणी मोजत का नाही त्यांना, मी विचारलं. म्हणाला, काकूंना विचारा. आणि नळीवर रोज एक गाडी फुकटात वाढते हो, आमचं काय जातंय.

थट्टा करत असेल. करत असावा.

मंगळवार

आज खुर्ची रस्त्याच्या पलीकडे मांडली.

काकू कप घेऊन दारातून निघाल्या, मला शोधलं, आणि धावल्या. ह्या वयात. चहा सांडत होता. व्हॅन त्यांच्या आधी पोचली. मी म्हाताऱ्याकडे नीट बघितलं. इतका थकलेला माणूस मी आयुष्यात बघितला नाही. टक.

मान वर आली. हॉर्न वाजला, लांबलचक, हायवेपर्यंत. तसाच हॉर्न पहिल्या दिवशी ऐकला होता. लाल गाडी. वही. आधीचा मोजणीवाला—

चांगलंच केलं ना मी?

काकू रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, रिकामा कप घेऊन. दिवसातून एकदा दिसायचे हो मला, म्हणाल्या. तेवढंच.

गुरुवार

चहा येत नाही. आकडे जुळतात. जेवण झाकून ठेवलेलं असतं, फोटो पालथा.

मिस्त्रीनं सांगितलं, काकू काल चहाच्या वेळी तलावाच्या वळणापर्यंत चालत जाऊन आल्या.

माफी मागितली. काकू म्हणाल्या, जेवून घ्या, गार होईल.

फार दमलोय. शनिवारी घरी.

शनिवार

बॅग भरली. दात अजून आहे, फोनवर दाखवला पोरीनं, एका धाग्यावर लटकलाय. बायको म्हणाली, ती खातपण नाही नीट, लवकर या.

किल्ली लावताना लक्षात आलं. मला कोण मोजणार? साहेब म्हणतात, पुढचा माणूस मंजुरी आली की. मिस्त्रीला विचारायला गेलो. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग समोर काकूंच्या घराकडे, आणि शटर ओढून घेतलं.

काकू स्वतःच आल्या. म्हणाल्या, मी बसते ना खुर्चीवर, त्यात काय एवढं. काउंटर हातात घेतला. वाटेत प्यायला थर्मासमध्ये चहाही दिला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

शनिवार, नंतर

मी जवळ आलो तेव्हा काकूंनी मान फिरवली.

चुकून नाही. माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि सावकाश मान फिरवली. घराकडे. टक ऐकू आलं नाही.

हायवे लागायला हवा होता तिथे खाण लागली.

कितवी फेरी

ब्रेक लागतो. गाडी थांबत नाही. दार उघडत नाही. हात काढले तरी वळणावर स्टिअरिंग आपलं आपण वळतं. म्हणून लिहितोय, त्याच्यावरच वही ठेवून. पेट्रोलचा काटा हलत नाही.

हॉर्न वाजवला, ओरडलो. मास्तरीण बाजूनं गेली, बघितलं नाही. ती सुटली, तिला टक मिळालं. काकू सगळ्यांना मोजतात. मनापासून मोजतात.

—

फोन वाजला, रेंज गेली. बायको. दात पडला असेल. की धरून बसलीय अजून

झोप येतेय. मान सारखी खाली—

—

ह्या वेळी काकू उभ्या होत्या. कप घेऊन. माझी वाट बघितल्यासारख्या. क्षणभर वाटलं— नाही.

माणूस दिसला की दिवस जात असेल त्यांचा. कुठलाही माणूस.

—

तलाव. वळण. थर्मास रिकामा. पोरी, तू काढून घे गं दात, आईला सांग

—

फाटा. खुर्ची. काकू बसल्यात. अंगठा बटणावर आहे, दिसतोय मला. बघतायत. अजून बघतायत माझ्याकडे, मान फिरवलेली नाही, काकू, अहो काकू, फक्त एकदा बटण दा