नेस्टूनच्या खमिराची व्यवस्था

मी, गुरी नेस्टून, कैलासवासी मॉन्स नेस्टून यांची पत्नी, राहणार वोसच्या वरच्या खोऱ्यात, नदीच्या सावलीकडच्या काठाला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तसे नाही असे म्हणणारा या खोऱ्यात एकच माणूस आहे आणि त्याचे नाव पुढे येणारच आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही आणि दारू पाजलेली तर मुळीच नाही. सकाळपासून पोटात फक्त कॉफी आहे. आवाज तेवढा गेला आहे. घशातल्या गाठीबरोबर बेर्गेनच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढले आणि गळ्याला श्वासापुरते भोक ठेवले. तेव्हापासून मी पाटीवर लिहून बोलते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम पहिले. घर, गोठा आणि नदीपर्यंतची जमीन मुलगा ओद्वार याला. कायद्यानेही ती त्याचीच होते, मी उगाच उपकाराचा आव आणत नाही. तो समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला असतो आणि घरी आला की दुकानातली डब्यातली बिअर पितो. मुलगा चांगला आहे, चव नाही. एकच विनंती: अंगणातले, मी बिअर घालते ते चूलघर पाडू नये. मागच्या ईस्टरला तो म्हणाला, "आई, तिथं गाडी काय मस्त बसेल!" गाडी पावसात उभी राहिली म्हणून मरत नाही, ओद्वार.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. सणाच्या पोशाखावरचा चांदीचा दागिना मुलगी हेरबोर्ग हिला. तो ज्या पेटीत आहे तिच्या बिजागरीला तेल घालावे, हे मी तिच्या बापाला सांगून थकले.

कलम तिसरे, चूलघरातील सामान. हे कोणाला द्यायचे ते चौथ्या कलमावर अवलंबून आहे, पण सामान वापरायचे कसे ते इथेच लिहून ठेवते, कारण सांगायला मी नसेन आणि असते तरी बोलता आले नसते.

तांब्याचा मोठा हंडा राखेने आणि आंबट ताकाने घासावा, तारेच्या घासणीने नव्हे. लाकडी पीप वापरण्याआधी जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या घातलेल्या उकळत्या पाण्याने धुवावे. साबण लावाल तर बिअरला फेस धरणार नाही. जुनिपरच्या फांद्या हिरव्यागार, फळे धरलेल्या घ्याव्यात, तपकिरी पडलेली एकही नको. त्या हंड्यात पाण्याबरोबर तापवाव्यात, पण फार वेळ उकळू नयेत, नाहीतर पाणी कडू होते आणि दोष जवाला दिला जातो. उन्हाच्या बाजूचा जुनिपर सर्वांत चांगला. उन्हाची बाजू नदीपलीकडच्या आनफिन ब्राताबोची आहे, म्हणून मी इतकी वर्षे रेल्वेच्या रुळामागच्या खडकावरून आणते. पाठ दुखते, पण आणते.

मोड आणून वाळवलेले जव त्या गरम पाण्यात भिजत ठेवावेत आणि झाकून निघून जावे. सारखे ढवळू नये. अधीर माणसाच्या हातून बिअर होत नाही. मग गाळणीच्या पिंपात तळाशी अल्डरच्या झाडाच्या काड्या आणि वर जुनिपरच्या फांद्या अंथरून रस हळूहळू ओढावा. तो गोड आणि स्वच्छ यायला हवा. गढूळ आला तर पुन्हा वरून ओतावा. उकळताना हॉप्सची कडू फुले मूठभरच घालावीत. जुनिपर असताना हॉप्सचा रुबाब कशाला?

कलम चौथे. खरे तर हे मृत्युपत्र मी याच कलमासाठी लिहायला बसले आहे. घर पडले तर पुन्हा बांधता येईल. हे मेले तर कोणालाही पुन्हा बनवता येणार नाही.

चूलघराच्या तुळईला एक लाकडी कडे टांगलेले आहे. लहान लहान कोरीव तुकडे एकमेकांत अडकवून केलेले, अंगठीसारखे नव्हे, माळेसारखे. त्याच्या फटींत नेस्टूनचे खमीर वाळून बसले आहे. बिअर फसफसताना वर येणाऱ्या साय-फेसात कडे बुडवायचे आणि टांगून ठेवायचे, की खमीर झोपते.

लग्न होऊन मी इथे आले त्या पहिल्या नाताळाआधी मॉन्सने मला ते दाखवले. मला वाटले, उंदरांनी खाल्लेले काहीतरी आहे. त्याने ते रसात बुडवले, घोंगड्या घातल्या आणि म्हणाला, "आता बोलू नकोस, ऐक." मी पिंपाला कान लावला. काही नाही. मग आत कुठेतरी बारीक आवाज व्हायला लागला, बर्फाखाली पाणी चालू लागते तसा. सकाळी घोंगडी उचलली तर फेस झाकणापर्यंत आला होता आणि अख्ख्या चूलघरात संत्र्याच्या सालीचा वास. त्या डिसेंबरात या खोऱ्यात कोणाकडेही संत्रे नव्हते. ज्याला डोळे नाहीत, तोंड नाही, ते काडीवर वाळून महिनोन् महिने पडून राहते आणि उठते ते सुगंध घेऊन! मी देवळात दर रविवारी जाते, पण गुडघे खरेखुरे टेकावेसे वाटले ते तिथे. मॉन्सच्या आजीच्या आजीनेही हेच खमीर बुडवले होते. त्या बायकांची नावेसुद्धा आता कोणाला माहीत नाहीत. त्यांच्या हातचे मात्र अजून जिवंत आहे.

ते कसे वापरायचे: रस गाईच्या ताज्या दुधाइतका कोमट झाला की घालावे. पुस्तके थंड करायला सांगतात. ती दुसऱ्या खमिरांची पुस्तके आहेत. आमच्याला ऊब लागते. आणि घालताना आरोळी ठोकावी. पोटातून, लाज सोडून. जितकी मोठी आरोळी तितकी जोरदार बिअर, आणि वाईट काही जवळपास असेल तर तेही पळते. खमिराला कान आहेत का, मला माहीत नाही. पण इतक्या पिढ्यांनी ओरडून उठवलेल्याला एकदम मुकाट्याने कसे उठवावे?

कडे घेतेस का, असे हेरबोर्गला मी आधी विचारले होते. तिने बेर्गेनच्या फ्लॅटमध्ये एकदा बिअर घातली आणि रीतीप्रमाणे आरोळी ठोकली. खालच्यांनी पोलीस बोलावले. पोलिसाने चव घेतली आणि गेला, पण सोसायटीचे पत्र आले. त्यानंतर ती उशीत तोंड खुपसून ओरडते. "आई, रागावू नकोस," ती म्हणाली, "पण मला इथं ते मारून टाकायचं नाहीये." खरे बोलली. मी रागावले नाही.

आता आनफिन ब्राताबो. नदीपलीकडचा. मॉन्स गेल्यावर पहिल्या हंगामात बिअर मी एकटीने घातली आणि आरोळीही मीच ठोकली. पीप उघडायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे शेजारी चवीला आले. आनफिन सगळ्यांसमोर म्हणाला, "ती आरोळी होती होय? मला वाटलं, कुंपणात शेळी अडकली!" सगळे हसले. नवऱ्याला पुरून मला महिनाही झाला नव्हता. त्या दिवसापासून त्याला मी कधी बोलावले नाही आणि त्याच्याशी बोलले नाही. शेळीचे मी माफ केलेले नाही आणि या कागदानेही करत नाही. तो राग मी कोणाला वारशात देत नाही. माझा आहे, माझ्याबरोबर येईल.

त्याचे स्वतःचे खमीर गेले आहे. त्याची मेहुणी वसंतात घर झाडायला आली आणि शिळ्या पावाचा चुरा समजून वाळवलेल्या खमिराची कागदी पिशवीच चुलीत टाकली. हे मेहुणीच्या तोंडून निसटले, त्याने स्वतः कोणालाही सांगितलेले नाही आणि दुकानातल्या पाकिटातल्या खमिरावर भागवतो. पण चर्चच्या जत्रेत त्याच्या बिअरला पूर्वीसारखा संत्र्याच्या सालीचा वास नव्हता. आमच्याकडे खमीर मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. तो मागायलाच गेला नाही, कोणाकडेही.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी बिअर घातली तो दिवस. रस कोमट झाला, कडे हातात घेतले, छाती भरली आणि तोंड उघडले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा सुटली. फुस्स. मी तशीच उभी राहिले. इतकी लाज मला शेळीच्या वेळीही वाटली नव्हती. शेवटी मी कडे मुकाट्याने रसात सोडले, आणि त्याच क्षणी नदीपलीकडून आरोळी आली. लांबलचक, डोंगरावर आपटून परत आलेली. ब्राताबोच्या अंगणातून.

त्याला आमच्या धुराड्याचा धूर दिसला होता. जुनिपरचा वास त्याच्यापर्यंत पोचला होता. धूर कधी विरळ होतो आणि मग रस निवायला किती वेळ लागतो, ते त्याच्या हाडांत आहे. तो अंगणात येऊन थांबला असणार. माझी आरोळी येईना, तेव्हा त्याने माझ्यासाठी दिली. सकाळी पीप नुसते गर्जत होते, मॉन्स असतानाही मी तसे ऐकले नव्हते. त्यानंतर दर वेळी ती आरोळी येते. एकदाही चुकली नाही. आम्ही त्यावर एक अक्षर बोललेलो नाही.

म्हणून: कडे, खमीर आणि तिसऱ्या कलमातील सर्व सामान आनफिन ब्राताबो याला. अट एकच. आमच्या घरात खमीर मागितल्याशिवाय देत नाहीत. त्याने ते मी जिवंत असताना, माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने मागावे. न मागितल्यास कडे माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावे.

पुढील मजकूर सह्यांच्या वेळी लिहिला. दोन साक्षीदार लागतात, आणि ते असे हवेत की ज्यांना या कागदाने काही मिळत नाही. गावची नर्स तूरिल ही एक. दुसरा म्हणून मी आनफिनला निरोप धाडला. माझ्याकडून त्याला काही मिळेल असा संशय खोऱ्यात कोणी घेणार नाही, आणि कायद्याच्या कामाला तो नाही म्हणत नाही. दुसऱ्या कशासाठी तो या घरात आला नसता. तूरिलने सगळे मोठ्याने वाचले. आनफिन टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होता.

"मग मी साक्षीदार नाही?" वाचून झाल्यावर तो म्हणाला.

"ज्याला मिळतं त्याला सही करता येत नाही, काका," तूरिल म्हणाली.

"मग सकाळी उठून दाढी कशाला केली मी?" मग माझ्याकडे बोट करून तूरिलला, "हिला कोणी सांगितलं माझं खमीर गेलं म्हणून?"

मी पाटीवर लिहिले: तुझ्या बिअरने.

तूरिल हसली. तो नाही हसला. उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. "आणि शेळीचं?" तो म्हणाला.

मी लिहिले: माफ नाही. तूरिलने वाचून दाखवले.

"नसू दे," तो म्हणाला. कॉफी निवली. आणि मग, काचेकडे तोंड करूनच, "गुरी, मला थोडं खमीर देतेस का गं?"

तूरिल म्हणते तिला नीट ऐकू आले नाही. मला आले. अट पुरी झाली. मी मान डोलावली, पण तो खिडकीकडेच बघत होता, म्हणून उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. नोंद असावी.

दुधाचा टँकर अंगणात आला होता. चालकाला आत बोलावून सही घेतली.

मृत्युपत्र करणारी: गुरी नेस्टून (सही)
साक्षीदार: तूरिल हाउगे, नर्स (सही)
साक्षीदार: योस्टाइन मूएन, टँकरचालक (सही)
ठिकाण: नेस्टून, वोस. दिनांक: १४ ऑक्टोबर २०१४
साक्षीदारांतून खोडलेले नाव: आनफिन ब्राताबो. कारण: लाभार्थी.