लताबाई जिवंत आहेत

प्रिय वसंता,

दिलीपने मला गृहपाठ दिलाय. येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल, तर ग्रुपवर टाकायला तुझ्यावर चार भावपूर्ण ओळी लिहून द्यायच्या. "तू कवितावाला. तुझं पाच मिनिटांचं काम," म्हणाला. लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाशी अडलो. 'भावपूर्ण' हा शब्दच मला आता सहन होत नाही रे! का, ते तुलाच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारा भांडतोय. भांडतोयच!

आपल्या 'सातवी ब'चा हा ग्रुप तू केलास, तेव्हा त्यावर काय यायचं? फुलं, देव आणि गुडघेदुखीवरचे काढे. मग एके दिवशी तू लिहिलंस, "भटवाडीतल्या एका रिक्षावाल्याच्या मोतीबिंदूसाठी मदत हवी आहे. जो देईल त्याने फक्त 'हजर' लिहायचं. आकडा लिहील त्याला बाकावर उभं करीन."

मी फोन हातात धरून बसलो होतो. एक 'हजर' आलं. मग दुसरं. मग कॅनडाहून एक. वसंता, मला आपला वर्गच दिसायला लागला! दुपारचं उतरतं ऊन, खडूचा वास, बाईंचा हजेरीपट आणि एकामागून एक उठणारे ते किनरे आवाज. डोळे भरून आले. तेवढ्यात तुझा फोन, "शरद, रडून झालं असेल तर पैसे पाठव. कविता नंतर!"

काय युक्ती होती तुझी! शेजारच्याने 'हजर' म्हटलं की आपल्याला गप्प बसवत नाही. आणि आकडा नाही, म्हणून निवृत्त शिपाई आणि कॅनडावाला एकाच बाकावर. दुसरा नियम तसाच कडक होता. देणाऱ्याचा आकडा नको, घेणाऱ्याचं तोंड नको.

पण हे सगळं तू तोंडीच ठेवलंस. का रे? कुठे लिहून ठेवायला काय झालं होतं? आम्हाला वाटलं, तू आहेसच.

तुझ्यामागे ग्रुप दिलीपने हातात घेतला. खोटं कशाला बोलू, राबतो तो. पण म्हणाला, "लोकांना दिसलं पाहिजे, आपलं दान कुठे जातं ते." मी काय म्हटलं असेन? "बघ बुवा." बस, एवढंच! तेव्हाच भांडलो असतो तर पुढचं टळलं असतं.

लताबाई भटवाडीतच, टेकडीच्या वरच्या अंगाला राहतात. कांजूरच्या डंपिंगवर कचरा निवडतात. खोकल्याने हैराण. ते काम सोडून घरातूनच पोळी-भाजी विकायची होती त्यांना. आपण मोठी शेगडी, परात, तवा घेऊन दिला. दिलीपने शेगडीसमोर त्यांना उभं केलं, हात जोडायला लावले, फोटो काढला. वर शोभा म्हणून झेंडूच्या फुलांची चौकट लावली आणि सकाळी सकाळी ग्रुपवर टाकला.

पुढे काय झालं असेल, ओळख बघू! आपली सगळी मंडळी सत्तरीची. चष्मे कपाळावर. बाईचा फोटो, भोवती फुलं, जोडलेले हात. पहिल्याने लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' दुसऱ्याने त्याचं वाचून 'ॐ शांती.' बघता बघता अकरा जण! एकाने तर विचारलं, 'कशाने गेल्या?' तुझं 'हजर' जसं एकापाठोपाठ एक यायचं ना, अगदी तसंच हेही आलं.

ते कुणीतरी भटवाडीत पाठवलं. दुपारी लताबाई माझ्या दारात. मागे रिक्षावाला शेगडी घेऊन.

"काका, मी कधी मेले हो?"

मला हसू आलं, वसंता. लाज वाटते सांगायला.

"हसू नका. शेजारणी विचारतायत, तेरावं कधी म्हणून."

"चूक झाली, लताबाई. म्हातारी माणसं आम्ही, न वाचताच..."

"त्या चुकीचं नाय म्हणत मी. एवढी वर्षं कचऱ्यात हात घालतेय, कुणी फोटो काढला? शेगडी दिलीत तर हात जोडायला लावले. ठेवा ही तुमची. मी जाते परत डंपिंगवर."

आणि खरंच गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कामावर. शेगडी माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी.

मग मी ग्रुपवर लिहिलं, "लताबाई जिवंत आहेत. त्यांचा फोटो आत्ताच्या आत्ता काढून टाका. यापुढे कुणाचाही फोटो येणार नाही." दिलीपने फोटो काढून टाकला, पण फोनवर उसळलाच.

"फोटो नाही दाखवला तर देणार कोण?"

"आजवर कोण देत होतं?"

"तेव्हा वसंता होता!"

लागलं रे मला ते. पण म्हटलं, "वसंता एकटा देत होता का? आपण देत होतो!"

तरी त्याचा हट्ट सुटेना. रविवारी मुलुंडला हॉल, तुझ्या चेहऱ्याचा बॅनर, वीस बायकांना स्टेजवर बोलावून धान्याच्या पिशव्या, प्रत्येकीचा फोटो. त्याच कार्यक्रमाच्या आमंत्रणासाठी हा गृहपाठ. मी साफ नाही म्हटलं. "मग तूच चालव ग्रुप," म्हणाला आणि फोन आपटला. चालवीन की!

काल धापा टाकत चढ चढून लताबाईंकडे गेलो. चहा दिला त्यांनी, पण बोलल्या रोखठोक.

"घेते शेगडी. पण ज्यांनी ज्यांनी मला मारलंय, त्यांनी रविवारी माझ्याकडे जेवायला यायचं. पैसे देऊन हां, फुकट नाय. मेलेल्या बाईच्या हातचं गोड लागतं का बघा म्हणावं! आणि तो फोटोवाला पायजेच. तो नाय आला तर शेगडी राहू दे तुमच्याकडेच."

"शेगडी शनिवारी पोचवू का? स्वयंपाकाला..."

"माझ्या स्टोव्हवर करीन. आधी माणसं येऊ देत."

मी तसा निरोप ग्रुपवर टाकला. अकराच्या अकरा जण कबूल झाले. दिलीपने निरोप वाचलाय, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही.

तेव्हा वसंता, त्या चार ओळी मी लिहिणार नाही. बॅनरवर तुला चढू देणार नाही. रविवारी सकाळीच मुलुंडला जाऊन दिलीपच्या दारात बसतो. चिडू दे, ओरडू दे, ग्रुपमधून काढू दे! त्याचा फोन घरी ठेवायला लावीन, त्याचे गुडघे दुखतात तर हाताला धरून भटवाडीचा चढ चढवीन. लताबाई वाढतील आणि तो मान खाली घालून जेवेल. तोवर मी माझ्या पानावरून उठणार नाही, हा शब्द दिला तुला.

तुझाच,
शरद